कासचं पठार कापडावर: पहिली भिंतीवरची गोधडी शिवताना

"गोधडी भिंतीवर टांगणार? मग ऊब कुणाला, भिंतीला?" सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही. पण हसत हसत सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला, आणि पुढे जे काही शिकले त्यातलं निम्मं त्यांच्याच शेजारी बसून शिकले. त्यांचं एक वाक्य मी हा प्रकार शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते: "कापड काय, कुठलंही जोडता येतं. दोरा कुठं चाललाय ते बघ."

हा लेख बटण लावता येतं, साडीला फॉल लावता येतो, पण गोधडी कधी शिवलेली नाही अशांसाठी आहे. चित्र काढता येत नसेल तरी चालेल. आपण १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशी एक उभी गोधडी करायची आहे, विषय सप्टेंबरमधलं कासचं पठार. रोज संध्याकाळी तासभर दिलात तर महिन्याभरात होते. पहिल्या खेपेला यापेक्षा मोठी घेऊ नका. पलंगाएवढं काम काढून ते माळ्यावर टाकलेल्या दोन जणी तर माझ्या घरातच आहेत, त्यातली एक मी.

आधी बघून या

कास साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत हे पठार आहे. खाली जांभा दगड, त्यावर मातीचा पातळसा थर. त्यामुळे मोठी झाडं फारशी नाहीत आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जमिनीलगतची फुलं रंग बदलत राहतात. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, आणि गेंदाचे पांढरे गोल ठिपके. फूल तोडू नका, गालिच्यात पाय ठेवून फोटोही काढू नका. आपल्याला फूल नको आहे, फुलं कशी पसरलीत ते हवं आहे.

तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन पिशवीत ठेवा आणि तीनच गोष्टी बघा. उजेड कुठे आहे आणि सगळ्यांत काळोखी जागा कुठली? वारा कुठून कुठे जातोय? आणि रंग कसे बसलेत, सगळीकडे सारखे की झुबक्यांनी? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पाणी साचून राहतं अशा खळग्यांपाशी गेंद आणि सीतेची आसवं एकत्र दिसतात. तेरडा पट्ट्या-पट्ट्यांनी जातो. ही मांडणी एकदा डोक्यात बसली की पुढे फुलांच्या पाकळ्या मोजत बसावं लागत नाही. (सीतेची आसवं हे नाव इतकं हळवं, आणि झाड मात्र किडेखाऊ. जमिनीखाली असलेल्या बारीक फुग्यांत ते जीवजंतू पकडतं. गोधडीत याचा काही उपयोग नाही, पण मला ते शिवताना दर वेळी आठवतं.)

मग फोटो काढा, आणि घरी येऊन त्यातला एक काळा-पांढरा करून बघा. काळ्या-पांढऱ्या फोटोत आभाळ, डोंगर आणि पठार वेगवेगळे दिसत असतील तर तो फोटो घ्या. सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसत असेल तर सोडून द्या, रंगात तो कितीही सुंदर असला तरी. नवख्या कामांत सगळ्यांत जास्त चूक इथे होते. आपण रंग निवडतो आणि फिका-गडद विसरतो. हिरव्या गवतावर तेवढ्याच गडद गुलाबी कापडाचा तेरडा लावला की दोन हातांवरून तो दिसतच नाही.

कासला जाणं शक्य नसेल तर घराजवळचं माळरान, टेकडी, तळ्याचा काठ घ्या. माझी एक मैत्रीण न्यू जर्सीत राहते, तिनं अंगणामागच्या मेपलच्या पानगळीची केली. पायऱ्या त्याच लागतात.

"पण मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांना मी दोन बायकांबद्दल सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती, जन्मानं गुलाम. तिनं १८९५ ते १८९८ च्या दरम्यान शिवलेल्या क्विल्टमध्ये, म्हणजे तिकडच्या गोधडीत, १८३३ च्या नोव्हेंबरातला उल्कावर्षाव आहे. आकृत्या अगदी साध्या, लहान मुलानं कागद कापून काढाव्यात तशा. आज ती क्विल्ट बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. आयोवातल्या एलन हार्डिंग बेकर बाईंनी १८७६ साली अख्खी सूर्यमाला क्विल्टवर उतरवली आणि खगोलशास्त्रावर बोलताना ती लोकांना दाखवली. तिकडेही अशा कामाकडे पांघरूण म्हणूनच पाहिलं जायचं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, त्यानंतर नजर बदलत गेली. सासूबाईंच्या प्रश्नाला एवढंच उत्तर मला देता आलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडं हीटर असतील."

कापड गोळा करणं

दुकानात जाऊ नका, निदान आधी नको. जुनी सुती लुगडी, धोतरं, विरलेले पंचे, परकर, खणाचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या काढा. धुऊन धुऊन फिक्या पडलेल्या हिरव्या साडीत जो पावसाळी हिरवा असतो तो नव्या ताग्यात मिळत नाही. शिवाय जुनं कापड मऊ असतं, सुई आरपार जाते. मात्र उजेडात धरून बघा. जिथे विरलंय तिथला तुकडा घेतला तर टाका घालतानाच टरकतो.

सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरा आणि मोरीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. थोडं पॉलिस्टर वर चमकीपुरतं चालतं. पायाला मात्र सुतीच हवं.

हे सगळं लागेल:

– आभाळासाठी पांढरं किंवा फिकट राखाडी कापड, साधारण पाऊण मीटर (आपण त्यातलं काही रंगवणार आहोत)
– हिरव्याच्या निदान पाच छटा, अगदी पिवळसरपासून जवळजवळ काळपट हिरव्यापर्यंत
– जांभ्यासाठी गेरूच्या, विटेच्या रंगाचे तुकडे
– गुलाबी, पिवळा, जांभळा, पांढरा: हे मूठ-मूठभरच
– पायाला मांजरपाट, २० × २६ इंच
– मधल्या थराला जुनं धोतर दुहेरी किंवा फ्लॅनेल, आणि मागे अस्तर, दोन्ही २२ × २८ इंच
– बारीक नेट, दोऱ्याची रिळं, भरतकामाच्या लड्या, ९ नंबरच्या सुया, अंगुस्तान, टाचण्या, कापडाची वेगळी कात्री

सुईचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते, म्हणून ९. ५ नंबरची घेऊन तीन थरांतून दोरा काढलात तर बोटं दुसऱ्या दिवशी बोलतील. मधल्या थराला बाजारातलं फुगीर पॉलिस्टर भरण मला आवडत नाही. त्यानं गोधडी गुबगुबीत होते, भिंतीवर लोंबते. धोतर सपाट राहतं.

सगळं कापड आधी गरम पाण्यातून काढा, नव्याची खळ जाऊ द्या. लाल, मरून, गडद निळे तुकडे वेगळे भिजवा आणि ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर पुन्हा धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही उतरत असेल तर तो तुकडा बाहेर. मिठाच्या पाण्यात ठेवला की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण त्यावर भरवसा ठेवू नका. मी ठेवला होता. खणाचा लाल काठ आभाळात तीन इंच पसरला.

आभाळ रंगवायचं असेल तर

ही पायरी गाळलीत तरी चालेल. पण पावसाळी ढगाचा करडा रंग विकत मिळत नाही, आणि घरी तो सहज होतो, म्हणून सांगते.

१०० ग्रॅम सुती कापडाला १५ ते २० ग्रॅम हिरड्याची पूड घ्या. कोमट पाण्यात कालवून कापड त्यात रात्रभर ठेवा, मग न धुता पिळून सावलीत वाळवा. कापड पिवळट दिसेल. दुसरीकडे पंधरा दिवस आधीच एका बरणीत गंजलेले खिळे, गुळाचा खडा आणि पाणी घालून ठेवलेलं असावं. ते गाळून घ्या. अर्ध्या बादली पाण्यात हे लोखंडाचं पाणी दोनच चमचे घाला आणि वाळलेलं कापड ओलं करून त्यात बुडवा. डोळ्यांदेखत करडं होतं. हिरड्यातल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा संयोग होतो, त्याचा हा रंग. मिनिटाभरात बाहेर काढा. ओलं कापड वाळल्यावर फिकं पडतं हे धरूनच थांबा, आणि गडद हवं म्हणून लोखंड ओतत बसू नका. जास्त लोखंडानं सुती धागा कालांतरानं ठिसूळ होतो. कापड घडी घालून, मुरगाळून बुडवलंत तर रंग कमी-जास्त बसतो आणि तेच ढग. नंतर भरपूर पाण्यात खळबळून घ्या. भांडी स्वयंपाकाची वापरू नका, हातमोजे घाला.

पिवळ्यासाठी हळदीचा मोह होईल. हळद पटकन बसते आणि उन्हात तितक्याच पटकन उडते. सोनकीचा पिवळा घरी करायचाच असेल तर हिरडा दिलेल्या कापडाला तुरटीच्या पाण्यातून काढा (१०० ग्रॅमला १५ ग्रॅम) आणि झेंडूच्या पाकळ्या उकळून त्या पाण्यात ठेवा.

कागदावर, पण थोडंच

वर्तमानपत्राची पानं चिकटवून १८ × २४ चा कागद करा. त्यावर चारच रेघा मारायच्या आहेत: क्षितिज, लांबचा डोंगर, पठाराचा मधला चढ आणि जवळच्या गवताची कड. क्षितिज अर्ध्यावर घेऊ नका. अर्ध्यावर घेतलं की चित्र दोन पट्ट्यांचं होतं, झेंड्यासारखं. कासची मजा पायाखाली आहे, म्हणून आभाळाला वरचा पाव हिस्सा पुरे, म्हणजे सहा इंच. रेघा सरळ नकोत, एकमेकींना समांतरही नकोत.

आता प्रत्येक भागात कुठला तुकडा येणार ते ठरवा. लांबचं फिकट आणि निळसर, जवळ येईल तसं गडद आणि उबदार. तुकडे कागदावर नुसते ठेवा, खुर्चीवर उभ्या राहा आणि डोळे बारीक करून बघा. फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. जे दोन भाग एकमेकांत मिसळले, त्यातला एक बदला.

थर लावणं

मांजरपाट टेबलावर पसरा, त्यावर पेन्सिलीनं १८ × २४ ची चौकट आखा. वरून खाली यायचं: आधी आभाळ, त्यावर डोंगर, त्यावर पठार, शेवटी जवळचं गवत. प्रत्येक पुढच्या थरानं मागच्यावर अर्धा इंच तरी चढायला हवं, आणि कडेचे तुकडे चौकटीच्या बाहेर इंचभर जाऊ द्यावेत. गोधडी दोऱ्यांनी आत ओढली जाते, तेव्हा ही माया कामी येते.

कडा दोन प्रकारे करता येतात, आणि इथे जरा थांबू या.

डोंगराची कड स्वच्छ हवी. तिथे पाव इंच माया ठेवून कापा, ती आत दुमडा, टाचण्या लावा आणि दुमडीच्या अगदी काठावरून बारीक टाके घालत या, फॉल लावतो तसे. जिथे डोंगर खाली खोबणीत वळतो तिथे मायेला कात्रीनं छोटे छेद द्या, नाहीतर कापड गोळा होतं. एकदम सगळी कड दुमडून घेऊ नका. सुईच्या टोकानं पुढचा अर्धा इंच आत ढकला, शिवा, मग पुढचा.

गवताची कड उलट विस्कटलेली हवी. तिथे कात्री ठेवून द्या. सुती कापडाला अर्ध्या इंचाचा छेद देऊन हातानं टर्रकन फाडा. ते धाग्याच्या सरळ रेषेतच फाटतं. मग फाटलेल्या काठाचे आडवे धागे सुईनं ओढून काढा, उभ्या धाग्यांची झालर उरते. तेच गवत. पाच छटांच्या अशा पट्ट्या एकावर एक, जरा तिरक्या, कमी-जास्त उंचीच्या लावत खाली या, झालर नेहमी वर. त्यांच्या फटींत जांभ्याचे दोन-तीन तुकडे अर्धवट दिसू द्या. पूर्ण दगड दाखवलात तर तो वर ठेवल्यासारखा दिसतो. गवतानं त्याचा पायथा झाकला की तो जमिनीतून आलेला वाटतो.

इस्त्रीनं चिकटणारी जाळी वापरून हे सगळं तासाभरात डकवता येतं, आणि मशीनवर शिवणाऱ्यांना ते सोयीचंही आहे. हातानं शिवायचं असेल तर टाळा. कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि सुई अडते.

फुलांचा पहिला हात

तेरडा आणि सोनकी लांबून ठिपके म्हणून दिसत नाहीत, रंगाचा धूर दिसतो. तो असा आणायचा. गुलाबी कापडाच्या तीन छटा घेऊन कात्रीनं अगदी बारीक कातरा, कोथिंबीर चिरतो तेवढ्या. पिवळ्याचं वेगळं. ही कातरणं पठाराच्या मधल्या भागात चिमटीनं भुरभुरा, रांगोळी घालताना सोडतो तशी. वर, म्हणजे लांब, बारीक आणि दाट. खाली येताना मोठी आणि विरळ. पट्टे तुटू द्या. मग त्यावर नेटचा तुकडा अलगद पसरा, टाचण्या लावा आणि त्याच रंगाच्या दोऱ्यानं लांब टाके घालून धरून ठेवा. हिरवट किंवा काळं नेट घेतलं तर ते दिसेनासं होतं. पांढरं घेतलंत तर धुकं आल्यासारखं वाटतं, कासला तेही खोटं नाही. नेट बहुधा नायलॉनचं असतं, तेव्हा त्यावर गरम इस्त्री फिरवू नका.

खिडकी आणि पंखा बंद करूनच हे काम करा. सांगायला हवं असं वाटलं.

दोरे घालणं

इथून ही गोधडी व्हायला लागते. अस्तर उलटं, फरशीवर पसरा, कडा चिकटपट्टीनं ताणून बसवा. ताणून म्हणजे सुरकुती जाण्यापुरतं, ढोलकीसारखं नव्हे. त्यावर धोतराचा थर हातानं सारखा करा, त्यावर आपलं चित्र. मध्यापासून सुरू करून चारही दिशांना कच्चे टाके घाला, मग चार-चार बोटांवर आडव्या-उभ्या ओळी. सासूबाई हे अंगणात करायच्या, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून. कच्चे टाके कंटाळवाणे आहेत आणि वगळले तर अस्तराला मागून चुण्या पडतात, ज्या सगळं झाल्यावरच दिसतात.

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच घ्या. लांब दोरा घेतला की वेळ वाचत नाही, गुंता होतो आणि घासून दोरा झिजतो. टोकाला छोटी गाठ मारा, सुई वरच्या थरात इंचभर लांबून घाला, मधल्या थरातून हव्या त्या जागी काढा आणि हलकेच ओढा. टप् असा बारीक आवाज होऊन गाठ आत जाते. मागे गाठी दिसत नाहीत.

आता धावदोरा. डाव्या हाताचं बोट गोधडीखाली ठेवायचं, सुईचं टोक त्याला जेमतेम लागलं की वर वळवायचं. तीन-चार टाके सुईवर घेऊन मग एकदम ओढायचं. सुरुवातीला इंचात चार-पाच टाके दिसले तरी पुष्कळ. बारीक टाक्यांपेक्षा सारखे टाके महत्त्वाचे, आणि सारखेपणा पहिल्या दोन संध्याकाळी येत नाही. ते टाके उसवू नका. आभाळापासून सुरुवात केली तर ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पारंपरिक गोधड्यांत बरेचदा दोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत आत येतो. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदी, म्हणजे गोधड्याही अशाच कडेकडून मध्याकडे शिवल्या जातात, आणि चारही कोपऱ्यांना त्या कापडाची घडी घातलेली तिकोनी फुलं लावतात. ती पद्धत अंथरुणा-पांघरुणासाठी उत्तम आहे. आपल्याला मात्र दोऱ्यानं चित्र काढायचं आहे, म्हणून प्रत्येक भागात मध्यातून बाहेर जायचं आणि दर भागात दिशा बदलायची.

आभाळात दोरा आडवा, लांबट टाक्यांचा, मधूनच खालीवर होणारा. दोन ओळींत अंतर अर्धा ते पाऊण इंच. पाऊस दाखवायचा असेल तर एका कोपऱ्यात तिरप्या ओळी, राखाडी दोऱ्यानं, मध्येच तुटलेल्या. सगळ्या आभाळभर पाऊस घातला तर तो टाईल्सच्या रेघांसारखा दिसतो.

डोंगरावर दोरा उताराबरोबर जातो. सह्याद्रीचे कडे थरांचे आहेत, लाव्हा थरांवर थर साचून झालेले, त्यामुळे लांबून आडव्या पायऱ्या दिसतात. तशाच आडव्या, जरा कललेल्या ओळी घाला, मधूनच एक उभी ओळ, घळीची. त्या डोंगराचं कापड साधं एकरंगी असलं तरी या ओळींनी त्याला वजन येतं. दोरा कापडापेक्षा एक छटा गडद घ्या, काळा नको.

पठारावर वारा. पहिल्या दिवशी तिथे उभं राहून वाऱ्याची दिशा बघितली होती ती इथे उपयोगी पडते. ओळी डावीकडून उजवीकडे, लाटेसारख्या, कातरणांवरून नेटवरून सरळ जाऊ द्या. दोन ओळी जवळ, मग एक लांब. अगदी जवळच्या गवतात टाके उभे आणि वेडेवाकडे, लांबीत कमी-जास्त. दगडाभोवती दोरा वळसा घेऊन जातो, ओढ्यातलं पाणी खडकाला वळसा घालतं तसा.

खडूनं ओळी आखून घ्याव्यात का, असं बऱ्याच जणी विचारतात. डोंगराच्या दोन-तीन ओळी आखा. वाऱ्याच्या आखू नका. आखलेला वारा ओळखू येतो.

एक काळजी मात्र घ्या, जी मी घेतली नव्हती. माझ्या पहिल्या गोधडीत मी मध्यभागी हौसेनं इतके दोरे घातले आणि कडेला कंटाळून इतके कमी, की मध्य आकसला आणि कडा सैल राहिल्या. भिंतीवर ती उन्हात वाळलेल्या पापडासारखी कुरळी होऊन लटकत होती. दोरे सगळीकडे साधारण सारखे दाट हवेत, तळहाताएवढी जागा कुठेही मोकळी राहू नये, आणि दोरा ओढताना कापडाला चुणी पडेल इतका ओढू नये. दर चार ओळींनंतर गोधडी जमिनीवर ठेवून बघा. सपाट बसत नसेल तर शेवटची ओळ सैल करा.

फुलांचा दुसरा हात

जवळची फुलं आता, दोरे झाल्यावर. आधी केली असती तर दोरे घालताना हाताखाली चेपली असती. गेंदासाठी पांढऱ्या लडीतले दोन पदर घ्या आणि गाठीचा टाका घाला: सुई वर काढायची, दोरा सुईला दोनदा गुंडाळायचा, आणि जिथून वर आलो त्याच्या अगदी शेजारी सुई खाली न्यायची, डाव्या हातानं दोरा धरून ठेवत. त्याच भोकात नेलीत तर गाठ मागे पळते. या गाठी पाच-सातच्या झुबक्यांत घाला, एक झुबका मोठा, दोन लहान, बाजूला एखादी सुटी गाठ. गाठीखाली फिकट हिरव्या एका पदराचा उभा टाका म्हणजे दांडा.

गेंदाच्या मध्ये निळ्या-जांभळ्या दोऱ्याचे अगदी छोटे टाके विखरा, ती सीतेची आसवं. पिवळे दोन-चार साखळी टाके सुटे सुटे घातले की सोनकी. तेरड्याला गुलाबी आखूड टाके, दोन-दोन जोडून. पुढच्या चार इंचांतच हे करायचं. आणि तिथेही मोकळं गवत राहू द्या. हात थांबत नाही, हे मला माहीत आहे. मी कामावर पातळ कागद ठेवून, "आज इथं भरत नाही" असं लिहून झोपते.

टोपली कारवी (कासवरचंच एक फुलझुडूप) घालायची असेल तर ती सात वर्षांनी एकदा फुलते हे लक्षात ठेवा. ज्या वर्षी बघितली त्या वर्षाच्या गोधडीतच घाला, नाहीतर एखादा सातारकर भिंतीपाशी उभा राहून तुम्हाला साल विचारेल.

कडा आणि टांगणं

कच्चे टाके काढा. गोधडी जराशी वाकडी झाली असेलच. पाणी शिंपडून दमट करा (रंग उतरत नाहीत ही खात्री आपण आधी केलेली आहे), जुन्या गादीवर काटकोन बघत टाचण्यांनी ताणून बसवा आणि दिवसभर वाळू द्या. मग १८ × २४ ला कापा.

गोटासाठी, म्हणजे कडेनं लावायच्या पट्टीसाठी, अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या सरळ धाग्यात कापून जोडा. घेर ८४ इंच, कोपऱ्यांना आणि जोडाला धरून ९५ इंच घ्या. कडा सरळ आहेत, तेव्हा उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची गरज नाही. पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा.

गोटाआधी मागची नळी. ९ × १७ इंचाचा तुकडा, आखूड बाजू दुमडून शिवलेल्या, लांबीत दुमडून त्याच्या उघड्या कडा गोधडीच्या मागे वरच्या काठाला टाचा. मग समोरून गोटाची उघडी कड गोधडीच्या काठाला लावून पाव इंचावर शिवत या, म्हणजे नळीही त्याच शिवणीत पकडली जाते. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी तिरकी वर दुमडा, पुन्हा सरळ खाली आणा आणि पुढच्या बाजूला सुरू करा. शेवटी गोट मागे वळवून हातानं तुरपा, नळीची खालची कडही फक्त अस्तरात टाके घेत शिवा. गोटाचा रंग जवळच्या गवताइतका गडद असावा. चमकदार काठाची साडी गोटाला लावायचा मोह होतो, आणि मग लोक काठच बघतात.

नळीत लाकडी पट्टी किंवा पडद्याचा दांडा घाला. समोरून ऊन येणारी भिंत नको, बाहेरची ओल येणारी तर नकोच. कोकणात, गोव्यात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला राहत असाल तर जूनमध्ये काढून, घडी न घालता सुती चादरीत गुंडाळून ठेवा आणि उघडीप मिळाली की वाऱ्यावर टाका. घडीच्या रेघेवर धागे आधी तुटतात.

मागच्या कोपऱ्यात मांजरपाटाचं चार बोटांचं लेबल लावा. नाव, साल, आणि कुठलं कापड कुणाचं ते लिहा, न उतरणाऱ्या शाईनं किंवा दोऱ्यानं. माझ्या दुसऱ्या गोधडीच्या लेबलावर डोंगरासमोर सासूबाईंच्या निळ्या लुगड्याची नोंद आहे. ती टांगल्यावर त्यांनी आधी गोधडी उलटी करून मागचे टाके बघितले, मग पुढून.

"डोंगर बरा झालाय," म्हणाल्या. "ते लुगडं मात्र अजून दोन वर्षं नेसता आलं असतं."